पुसलेला दगड

मालकानं आमच्या डोळ्यांदेखत दगड घासायला लावला.

शिवाजी पेठेतला शिळाछापखाना. लग्नपत्रिका, कुस्त्यांच्या जाहिराती छापायचा. आमचं चार पानी सिंधी साप्ताहिकही तिथंच निघायचं, उजवीकडून डावीकडे लिहायच्या अरबी वळणाच्या सिंधी अक्षरात. वडील खास शाईनं कागदावर मजकूर लिहायचे, तो दगडावर उतरवायचा, दगडावरून अंक छापायचा. त्या दिवशी मजकूर दगडावर उतरला होता. तेवढ्यात पेठेतली काही माणसं मालकाशी बोलून गेली.

"हे मुसलमानी अक्षार हितं न्हाय चालायचं, पावणं," मालक म्हणाला. "हिंदू हायसा न्हवं? मग हिंदूसारखं ल्ह्या की."

कामगार वाळू-पाणी घेऊन घासत राहिला. वडिलांची मेहनत काळ्या पाण्यातून मोरीत गेली. सिंधमध्ये ते शाळामास्तर होते. इथं वळिवड्याच्या निर्वासित छावणीत शिध्याच्या रांगेत उभे राहायचे. ते माझ्याकडे बघत होते. मी फाळणीआधी मुंबईत नोकरी केलेली. मराठी मलाच येत होतं.

मी म्हणालो, "बरोबर आहे मालक. हे अक्षर आमचं नाहीच."

मला त्या छापखान्यात नोकरी हवी होती. बस, एवढंच.

वडिलांना मराठी येत नव्हतं. तरी हे कळलं.

पुढचा अंक मी देवनागरीत काढला. भाषा सिंधीच, अक्षर मालकाच्या पसंतीचं. मालकानं पाठीवर थाप मारली, सोमवारपासून कामाला ये म्हणाला. ती थाप मला आवडली. हेही लिहून टाकतो.

छावणीत अंक आला की नळापाशी माणसं जमायची. एक म्हातारा मोठ्यानं वाचायचा. आधी हरवलेल्यांचं पान; कोण कुणाला शोधतंय. अंक कल्याणच्या, अजमेरच्या छावण्यांतही जायचा. आमच्या बराकीत एक बाई होती. तिला सगळे अदी म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. कराची बंदरावरच्या गर्दीत तिचा नवरा मागं राहिला होता. तिची जाहिरात प्रत्येक अंकात असायची. तिला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव नजरेनं ओळखायची, त्यावर बोट ठेवून बसायची.

देवनागरी अंक आला तेव्हा तिनं तो सवयीनं उजव्या बाजूनं उघडला. तिथं आता शेवटचं पान, चपलांच्या दुकानाची जाहिरात. उलटासुलटा करून पाहिला. म्हाताऱ्यालाही ते अक्षर येईना. कुणीतरी म्हणालं, मास्तरांच्या मुलानं पेपर मराठ्यांसाठी काढलाय, आता आपली माणसं तेच शोधतील. सगळे हसले. अदी हसली नाही.

तिनं विचारलं, त्याचं नाव काढून टाकलंस का? मी नाव दाखवलं, वाचून दाखवतो म्हणालो.

"आणि तिकडच्या छावणीत त्याला कोण वाचून दाखवणार?" ती म्हणाली. "तूच जाणार?"



सोमवारी छापखान्यात गेलो, ते नोकरी नको सांगायला. मालकाला म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो. हे अक्षर मुसलमानांचं आहे, आणि माझ्या बापाचंही आहे."

"मग जावा की तिकडंच," मालक म्हणाला. आवाज चढवला नाही. चहा पीत होता.

शहरात दुसऱ्या कुणी दगड दिला नाही. वडील आणि मी हातानं प्रती काढू लागलो. एक नळापाशी चिकटवायची, बाकीच्या प्रवासाला निघालेल्यांच्या हाती द्यायच्या. छापखान्यातल्या त्या वाक्याबद्दल वडील मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

अदीचा नवरा सापडला नाही. तो अंक वाया गेला म्हणून, असं मी म्हणत नाही. तसं नाहीच, असंही म्हणवत नाही.

आता छावणीची वस्ती झाली आहे. मुलं मराठी शाळेत जातात, त्याचं दुःख नाही. हेही मी मराठीत लिहितोय, कारण ज्यांनी ऐकायला हवं ते मराठी वाचतात. जुने वाचक कमी होत चाललेत. मीही थकलोय. पण अंक काढतो. दोन माणसं उरली तरी त्या दोघांना त्यांच्या अक्षरात मिळेल. त्यासाठी कुणाची परवानगी मागणार नाही.