तळव्यांना न कळलेलं ऊन

एप्रिलमध्ये आईने भाईंदर पूर्वेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुरडया घातल्या. वाळवणाजवळ चपला न्यायच्या नाहीत, हा तिचा नियम. त्या जिन्याच्या दाराशी काढून ती भर दुपारी अनवाणी फिरली. शेजारच्या गुजराती बाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "मासी, पैर नहीं जलते?"

"मराठवाडे के पाय हैं," आई म्हणाली. "इनको कुछ नहीं होता."

हे तिने संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा आम्हीही हसलो.

तिला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळी चालू होती, म्हणजे चक्कर आली की चालू आणि बरं वाटलं की बंद. चहातली साखर सोडली होती आणि तेवढ्यावर बाकीचं सगळं माफ होतं. तज्ज्ञाला दाखवायचा विषय काढला की ती विचारायची, दुखतखुपत काही नाही, तर त्याला जाऊन सांगायचं काय?

दुसऱ्या दिवशी फरशीवर ओले डाग दिसले. ते तिच्या पावलांचे होते. उजव्या अंगठ्याखालचा फोड फुटला होता आणि तिला पत्ता नव्हता. तिने हळद लावली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलम दिलं. अंगठा काळा पडून खोलीत वास येऊ लागला, तेव्हा आम्ही तिला मिरा रोडला मधुमेहतज्ज्ञाकडे नेलं.

त्यांनी आधी तिचा धडधाकट डावा पाय समोर घेतला आणि तिला डोळे मिटायला सांगितलं. हातात नायलॉनचा जाडसर धागा होता. त्याचं टोक लागल्याचं कळलं की तिने 'हो' म्हणायचं. धागा टाचेला टेकला. आई गप्प. बोटांना टेकला. गप्प. मग डॉक्टरांनी हात मागे घेतला. धागा कुठेच लागत नव्हता.

"हो," आई म्हणाली.

डॉक्टरांनी धागा बाजूला ठेवला. तिने डोळे उघडल्यावर त्यांनी सांगितलं की साखरेने दोन्ही पायांच्या नसा निकामी केल्या आहेत. दुखत नाही, हीच तक्रार घेऊन आधी यायला हवं होतं. उजवीकडची जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागणार होता. थांबलो तर पाऊल.

"चालता येईल ना?" आईने विचारलं.

"दुसरा पाय सांभाळलात तर."

अंगठा काढला. इन्सुलिन सुरू झालं, जेवणाच्या वेळा ठरल्या, रात्रीचा भात बंद झाला, घरातही पायात सँडल आली. साखर आटोक्यात आली. संवेदना परत येईल अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे रोज सकाळी तिचे तळवे बघायचं काम माझ्याकडे आलं. ती पलंगावर पाय सोडून बसते, मी खाली.

पावसाळा संपताना एका सकाळी डाव्या टाचेच्या कडेला लाल चट्टा दिसला. सँडलचा पट्टा घासला होता. मी बोटाने दाबून पाहिलं. मध्ये कातडी सुटली होती. आई पायाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. आपल्या पायाचं काय झालंय ते तिला आता तिथूनच कळत होतं.

मी अजून काही बोललो नव्हतो.

"रिक्षा बोलाव," ती म्हणाली.