गाडी कायमची बंद, असं कुणी सांगितलं?

“मावशी, तुम्हाला स्ट्रोक येऊन गेलाय,” नगरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी आधी पोरांचं विचारलं.

राहुरीजवळच्या वस्त्यांवरून अकरा वर्षं मी शाळेची व्हॅन चालवत होते. त्या दिवशी पोरं सुखरूप घरी पोचली होती. शेवटच्या मुलीला सोडून परतताना व्हॅनचा डावा आरसा एका खांबाला घासला. खांब मला दिसलाच नव्हता. घरी आल्यावर उतरायला गेले, तर डावा पाय टेकेना.

इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीनं बंद होणं. मेंदूच्या उजव्या बाजूला झालं म्हणून माझा डावा हात-पाय लुळा पडला. सोबत नेग्लेक्ट नावाचा प्रकार आला. त्यात डोळे शाबूत असतात, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. ताटात डावीकडं भाकरी असायची आणि मी भाकरी मागत बसायचे.

आमच्या ह्यांनी माझं सगळं केलं. नोकरीवर जायच्या आधी आंघोळ, मालीश, हाताचे व्यायाम. वेणीसुद्धा घालायला शिकले. त्यांनीच मला लग्नानंतर गाडी शिकवली होती, भावकी हसत असताना. म्हणून दवाखान्यातून सुटताना मी त्यांनाच विचारलं, “गाडीचं काय म्हणाल्या मॅडम?”

“कायमची बंद. आता त्यो इचार सोड.”

कागद इंग्रजीत होते. मला इंग्रजी वाचता येत नाही, त्यांना येतं. मी विश्वास ठेवला.

तिसऱ्या महिन्यात पुणतांब्याच्या एकानं व्हॅन विकत घेतली. तेव्हाही मला कागदाची डावी कड नीट सापडत नव्हती. ह्यांनी जिथं बोट ठेवलं, तिथं मी सही केली. त्यानंतर कितीतरी दिवस शाळेच्या वेळेला मी घरात शिरून दार लावून घ्यायचे.

मधली औषधं गावातल्या डॉक्टरांकडून चालू होती. सहा महिन्यांनी नगरला दाखवायचं होतं, नेमका ह्यांना ताप आला. मग मी जाऊबाईंसोबत एसटीनं गेले. मॅडमनी हात दाबून बघितला, चालून दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, “तीन महिन्यांनी गाडीच्या तपासणीला आलाच नाहीत?”

“तुम्हीच कायमची बंद केली ना?”

मॅडमनी फाइल उघडून बोटानं ओळ दाखवली. “मी लिहिलंय, तीन महिने चालवायची नाही, मग तपासून ठरवू. तुमच्या मिस्टरांना समजावूनही सांगितलं होतं.”

जाऊबाई खाली बघत राहिल्या. त्यांनाही माहीत होतं, हे मला तिथंच कळलं.

त्याच दिवशी पेरिमेट्री झाली. म्हणजे नजरेचा आवाका मोजणं. एका घुमटात बघायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. त्यानंतर कागदावर पसरलेल्या खुणा शोधायची चाचणी. डावीकडच्या दोन सुटल्या, बाकी सगळ्या सापडल्या. मॅडम म्हणाल्या, “स्वतःची छोटी गाडी दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, शेजारी कुणी असेल तर चालेल. दर वेळी मान डावीकडं पूर्ण वळवायची. पण शाळेची व्हॅन मी तुम्हाला चालवू देणार नाही.”

घरी येऊन मी ह्यांच्यासमोर फाइल ठेवली.

“त्या दिवशी तू मला वळखलं न्हाईस,” ते म्हणाले. “मी आधी व्हॅनमधी कुनी पोर राह्यलंय का ते बघितलं, मग तुला उचललं. पुन्यांदा तसं बघायची माझ्यात ताकद न्हवती.”

“मग हे मला सांगायचं होतं. डॉक्टरांच्या नावावर का घातलंत?”

“तू ऐकली नसतीस.”

हे मला सगळ्यात जास्त लागलं. दुसऱ्याची लेकरं गाडीत घेऊन मी जुगार खेळले असते, असं त्यांना वाटलं. मला विचारलं असतं तर व्हॅन मी आपणहून सोडली असती. माझ्या हातानं सोडली असती.

ज्यांच्या घरी असं आजारपण येईल, त्यांना एवढंच सांगते. पेशंटचे कागद पेशंटला वाचून दाखवा. पेशंटनंही डॉक्टरांना स्वतः विचारावं, जीभ जड असली तरी. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. त्या दिवशी त्या माझ्याकडं बघून बोलल्या.

पुढं कालव्याच्या मोकळ्या रस्त्यावर महिनाभर सराव केला. आता बाजाराच्या दिवशी आमची जुनी छोटी गाडी मी राहुरीपर्यंत नेते. हे शेजारी बसतात. आम्ही एकमेकांशी बोलतो, जेवतो, सगळं पहिल्यासारखं चालल्यागत दिसतं.

वळणावर ते म्हणतात, “डावीकडं मोकळं हाय, जाऊ दे.”

मी ब्रेकवर पाय ठेवते, मान पूर्ण वळवते, स्वतः बघते. मग गाडी पुढं घेते.