वाकळीचा राहिलेला कोपरा

लग्न होऊन आंबोलीहून मालवणच्या किनाऱ्याला आले तेव्हा मी अठराची होते आणि मला कशाचंही हसू येई. सोबत एक वाकळ आणली होती. जुनी, आईला तिच्या आईकडून मिळालेली, जागोजागी विरलेली. मला लग्नात द्यायची म्हणून आई तिला नवी ठिगळं लावत होती आणि एक कोपरा राहिला असतानाच ती गेली. तो कोपरा मला पुरा करायचा होता, एवढाच माझा हट्ट.

सासूबाईंनी वाकळ उचलून पाहिली. “एवढी जाड? हंय हत्तीक तरी थंडी वाजता काय? गोठ्यात घाल, वासराक उपयोगी पडात.”

मी वाकळ पटकन पोटाशी घेतली. “आधी धुऊन तरी बघू या,” मी कसंबसं म्हटलं.

दिवाळीनंतरचं कडक ऊन बघून आम्ही दोघी ती व्हाळावर, जवळच्या ओढ्यावर, घेऊन गेलो. भिजल्यावर ती अशी जड झाली की हलेना. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि कमरेइतक्या पाण्यात पिळायला लागलो. त्या पिळत उजवीकडे, मी डावीकडे. वाकळ नुसतीच गरगर फिरत राहिली! हे लक्षात आलं आणि मला असं हसू फुटलं की टोक हातातून सुटलं. सासूबाई धपकन पाण्यात बसल्या आणि वाकळ निघाली खाडीकडे.

मी किंचाळत मागे, पदर खोचून त्याही मागे. शेवटी तिला अडवलं सासूबाईंनीच, चक्क तिच्यावर आडव्या पडून. “हसतंस काय गो? आधी माका उठव!” म्हणता म्हणता त्याच इतक्या हसल्या की मला त्यांना उठवता येईना.

गोठ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. वाकळ वाळायला चार दिवस लागले, मग मी कोपरा शिवायला घेतला. वाकळ उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या टाक्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायची आमची रीत. मी भाकरी मागितली, तर सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या आवशीक काय आवडायचा?”

“आईला? सुकी सुंगटां.”

अंगणात स्वतः सुकवलेली चार सुंगटं, म्हणजे कोळंब्या, आणून त्यांनी कोपऱ्यात ठेवली. मी टाका घातला.

संध्याकाळी घरचं मांजर तिथेच नाक घासायला लागलं. सासूबाई केरसुणी घेऊन धावल्या. “हो भायर! तो घास हिच्या आवशीचो आसा!”

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी हसत सुटले, आणि हसता हसताच मला रडू फुटलं.