मूत्रपिंड मोजणारे अण्णा

"सरी, बसा. मूत्रपिंडाला कसली घाई?" असं पेशंटला म्हणत अण्णा आधी स्वतःच खुर्चीत टेकायचे.

नव्वदच्या दशकात बेंगळुरूतल्या एका इस्पितळाच्या तळघरात आम्ही लोकांची मूत्रपिंडं किती काम करतात ते मोजायचो. मी नागपूरहून आलेला नवा तंत्रज्ञ, ते विभागाचे डॉक्टर. त्यांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं; 'बरं'ला ते 'सरी' म्हणत. सगळं इस्पितळ त्यांना अण्णाच म्हणे. माणूस कायम दमलेला, सकाळी आल्याआल्यासुद्धा.

काम तसं कंटाळवाणं. एका हाताच्या शिरेत थोडं किरणोत्सारी औषध सोडायचं, दोन-तीन तास थांबून दुसऱ्या हातातून रक्त घ्यायचं, थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचं, आणि औषध रक्तातून किती वेगाने निघून गेलं ते यंत्रावर मोजायचं. लवकर गेलं तर मूत्रपिंडं धडधाकट. हेब्बाळचे एक गृहस्थ मधल्या वेळात बसने घरी जाऊन, जेवून, वामकुक्षी आटोपून संध्याकाळी हजर झाले. "झोप झाली? छान. आता सगळं पहिल्यापासून," अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही जेवायला मीच वाढलं होतं.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर या वेळकाढूपणाला वैतागत. साध्या रक्ततपासणीवरून अंदाज येतोच की, असं त्यांचं म्हणणं. अण्णा म्हणत, "किडकिडीत माणसात तो अंदाज फसतो. त्या तपासणीत मोजतात तो कचरा मांसातून येतो. अंगावर मांसच नाही, मग रिपोर्ट चांगलाच दिसणार." असे हटवादी लोक तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्या हाताखाली काम करताना जीव मेटाकुटीला येतो.

आनेकलकडची एक बाई आली. तरुण मुलाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आणि हिला आपलं एक त्याला द्यायचं होतं. बाई शेतात राबून वाळलेली. साधी तपासणी उत्तम. आमच्या मोजणीत मात्र आकडा इतका कमी आला की एक काढलं असतं तर उरलेल्यावर तिचं भागलं नसतं.

अण्णांनी आधी माझ्यावर संशय घेतला. औषध शिरेबाहेर पाझरलं का? औषध दिलं त्याच हातातून रक्त घेतलंस का? नवशिक्यांकडून असं होतं आणि सगळा हिशेब बिघडतो. एरवी चूक म्हटली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्या दिवशी ते चूक सापडावी म्हणून धडपडत होते. मला राग यायला हवा होता, पण त्यांची दया आली. काही दिवसांनी त्यांनी स्वतः सुई टोचून पुन्हा मोजलं. आकडा तोच.

"अण्णा, स्वल्प वाढवून लिहा की," बाई म्हणाली.

"कागदावर वाढवीन, अक्का. तुमच्या पोटात कसं वाढवू?"

"माझं काय व्हायचं ते होऊ दे."

अण्णांनी वाढवून लिहिलं नाही. घरात दुसरं कुणी देण्याजोगं नव्हतं. मुलाने काही महिने डायलिसिसवर काढले आणि मग तो गेला.

आता अण्णाही नाहीत. मला ते आठवतात ते त्यानंतरच्या एका दुपारचे. ती बाई पुन्हा तळघरात आली होती. शिव्या द्यायला आली असणार, असं वाटून अण्णा उठून उभे राहिले. तिने बाकावर बसून पदर बाजूला केला आणि हात पुढे धरला.

"परत मोजा. माझ्यात खरंच कमी होतं का, तेवढं बघून सांगा."

अण्णा तिच्याशेजारी बसले. तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"कमीच होतं, अक्का," ते म्हणाले. "तुम्ही मुलापासून काही राखून ठेवलं नाही."