जवळचं कॉलेज

तापल्या तव्यावर तंबाखू करपू लागली की तिचा एक विलक्षण गंध सुटतो. आधी गोडसर, मग घशाला टोचणारा, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणणारा. पवनानगरच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून असलेल्या आत्याच्या वस्तीवर तो बारमाही दरवळत असे. पण माझ्या स्मरणात तो दिवाळीच्या सुट्टीतला आहे, भाताच्या लोंब्या पिवळ्या होऊन वाकलेल्या असतानाचा. गोठा आवरून, पाणी भरून बायका आत्याच्या ओट्यावर जमायच्या, भाजून कुटलेली मशेरी तर्जनीवर घ्यायच्या आणि दातांवरून बोट फिरवत बसायच्या. बोट तोंडात असल्यामुळे बोलणं अर्धं गिळलं जाई, तरी हसणं थांबत नसे. दिवसभरात त्यांना निवांत बसलेलं मी पाहिलं ते तेवढ्याच वेळी. घटकाभराचा तो विसावा आतल्या आत त्यांचा घास हिरावून घेतो आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

मी मोठी झाले आणि फिजिओथेरपी शिकले. उर्सेच्या टोलनाक्यापासून जवळच, द्रुतगती मार्गालगतच्या एका रुग्णालयात मला नोकरी लागली. वेगानं धावणारी माणसं तिथं मोडून येत, आणि त्यांना पुन्हा पाऊल टाकायला शिकवणं हे माझं काम. गोठलेला गुडघा हळूहळू वाकू लागतो, जखडलेला खांदा एके दिवशी केसांपर्यंत पोहोचतो, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहिलं की आपलं आयुष्य कारणी लागलं असं वाटतं. मला ते काम मनापासून आवडत होतं. कंटाळून किंवा हरून मी ते सोडलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आत्याचं तोंड त्या काळात मिटत चाललं होतं. आधी तिचा घास लहान झाला, मग ती भाकरी दुधात कुस्करू लागली, मग नुसती पेज. धरणकाठी आता पर्यटकांचे तंबू लागतात. त्यांच्यासाठी ती भाकऱ्या थापायला जायची. शंभर माणसांना जेवू घालणाऱ्या त्या बाईच्या स्वतःच्या तोंडात तिखटाचा कण गेला तरी आग होत होती. कुणी विचारलं की म्हणायची, "वय झालं की समदंच आवळतं." गालावर बाहेरून गाठ दिसू लागली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, तिला वस्तीवरून कामशेतला आमच्या घरी घेऊन आले. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. गाल गेला, जबड्याचा तुकडा गेला, पुढं किरणोपचारांनी उरलंसुरलं तोंडही आखडलं.

ते उघडण्याचं काम माझ्याकडे आलं. आइसक्रीमच्या कांडीसारख्या लाकडी पट्ट्या दातांच्या फटीत एकावर एक सरकवायच्या, आणि एक-एक वाढवत जायचं. आज एक पट्टी जास्त गेली की आम्ही दोघी खूश. उद्या तीच पट्टी जात नसे. गुडघ्याला जे समजावता येतं ते त्या जबड्याला समजावता येईना. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण ती माझा हात कधी बाजूला सारत नसे.

एका तपासणीच्या वेळी शल्यचिकित्सक डॉक्टर सहज बोलून गेले, "दोन वर्षं आधी कुणी हिला नुसतं 'आ कर' म्हणालं असतं, तरी बरंच काही वाचलं असतं." ते त्यांच्या पुढच्या रुग्णाकडे वळले. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबून राहिले. मिटलेली तोंडं उघडायला मी होते. पण ती मिटण्याआधी त्यात डोकावायला कोण होतं? आमच्या बायका पाठ दुखली तर सांगतात, गुडघा दुखला तर सांगतात. तोंड मात्र पदराआड राहतं. दाताच्या डॉक्टरखेरीज तोंड उघडायला सांगण्याचा अधिकार कुणाला असतो?

मी पुन्हा नीटची परीक्षा देऊन दंतवैद्यक शिकायचं ठरवलं. आबा तांदळाच्या गिरणीवरून आले होते, अंगावर कोंडा तसाच होता. ऐकता ऐकता त्यांनी तो झटकला. मग म्हणाले, "लोक मोठ्या डॉक्टरकीला जागा मिळाली नाही म्हणून दातांकडे जातात. तू हातातलं सोडून चाललीस. पंचविशी उलटली तुझी."

आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिचे शब्द आता आम्हां घरच्यांनाच कळत. ती म्हणाली, "जाऊ द्या तिला, दादा. माझ्यावानी दुसरीचं व्हायला नको."

लोणावळ्याला एका क्लासमध्ये मी जाऊ लागले. वर्गातली मुलं नुकती बारावी झालेली; ती मला ताई म्हणत आणि रसायनशास्त्रातलं काही अडलं की मीच त्यांना विचारत असे. घरी आत्याच्या उशाशी पुस्तक उघडायचे. तिला पट्ट्या लावून द्यायच्या, त्या तोंडात धरून ती गप्प बसायची आणि मी पाठांतर करायचे. ती वेळ मला आजही आठवते: दोघींनाही वाटत होतं, आपण कुठंतरी चाललो आहोत.

गुण बरे पडले. आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता, आणि माझ्यापुढं खऱ्या अर्थानं दोनच नावं होती. आबांना घेऊन मी दोन्ही ठिकाणं पाहून आले.

पहिलं घरापासून जाऊन-येऊन करता येईल असं, शहराच्या कडेला. काचेची इमारत, थंड मार्गिका, आणि मोठ्या दालनात ओळीनं मांडलेल्या उपचाराच्या खुर्च्या, त्यांवरची प्लॅस्टिकची आवरणंही न निघालेली. सगळं होतं, रुग्ण नव्हते. मी तिथल्या बाईंना विचारलं, तर त्या मोकळेपणानं म्हणाल्या, "मुलं आपापले पेशंट आणतात. नातेवाईक, शेजारी. होतं कसंतरी."

दुसरं सरकारी, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या भिंतींचा रंग उडाला होता, पंखे कुरकुरत होते, पण सकाळीच दारापासून रांग लागली होती. त्या रांगेत तोंडाला पदर लावून बायका उभ्या होत्या. शेवटच्या वर्षाची एक मुलगी हातमोजे काढत बाहेर आली होती. मी तिला विचारलं, "इथं कसं आहे?" ती म्हणाली, "राहायची सोय वाईट आहे, जेवण त्याहून वाईट. पण इथं रोज इतकी तोंडं बघते, की आता बघताक्षणी कळतं." मला जे हवं होतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. परतीच्या एसटीत आबाही म्हणाले, "कॉलेज हेच खरं. ते पहिलं नुसतं दुकान मांडल्यासारखं आहे."

घरी आलो तर आत्याच्या मानेत नवी गाठ आली होती.

माणसाला निवड करायची असते तेव्हा शहाणपण कुठल्या बाजूला आहे ते बहुधा स्पष्ट दिसत असतं. अडचण ही की, शहाणपणाच्या बाजूला आपलं माणूस नसतं. डॉक्टरांनी कालावधी सांगितला नाही. आम्हीही विचारला नाही. आत्याला भरवायला, तिची जखम पुसायला, तिचं बोलणं इतरांना समजावून सांगायला मी लागत होते. मूलबाळ तिला नव्हतं. मी पसंतीक्रमात जवळचं कॉलेज पहिलं टाकलं.

तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "कुटलं धरलंस?"

"जवळचं," मी म्हटलं.

"माझ्यापायी व्हय?"

"हो."

"येडी हायेस," ती म्हणाली. "मी काय तितवर ऱ्हातीय?" आणि तोंड भिंतीकडे करून निजली. तिला राग आला होता. मी पुढं केलेली पेजेची वाटी तिनं त्या दिवशी घेतली नाही.

पहिल्या पसंतीची जागा मिळाली, आणि पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. प्रवेश पक्का झाला. वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, आबा गिरणीवर आणि मी स्वयंपाकघरात असताना आत्या गेली. मी बाहेर आले तेव्हा तिचा हात अजून उबदार होता.

कारण गेलं आणि निवड मात्र राहिली. असं किती जणांच्या वाट्याला येत असेल, मला माहीत नाही. ज्याच्यासाठी आपण थांबलो ते माणूस निघून जातं, आणि आपण त्या थांब्यावरच पुढची वर्षं काढतो. मी पांढरा अंगरखा घालून त्या काचेच्या इमारतीत जाऊ लागले. पहिली वर्षं मेणाचे दात कोरण्यात आणि पुतळ्याच्या जबड्यातली भोकं बुजवण्यात गेली. तिसऱ्या वर्षी आम्हांला रुग्ण तपासायचे होते, आणि रुग्ण तर नव्हतेच. माझे सोबती आपल्या मामांना, घरमालकांना, कॉलेजच्या रखवालदारांना विनवून खुर्चीत बसवत. एकाच रखवालदाराचे तेच दात आम्ही पाचसहा जणांनी साफ केले. अशा वेळी मला त्या लांबच्या कॉलेजातली रांग दिसायची, आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे.

मग मी रविवारी आत्याच्या वस्तीवर जाऊ लागले. ओट्यावर त्याच बायका, थोड्या म्हाताऱ्या झालेल्या. मी म्हणायचे, "दात तपासायला चला, मी घेऊन जाते." त्या हसायच्या, पदर तोंडाशी न्यायच्या. "दातच ऱ्हाईलेत कुटं?" एक म्हणायची. आत्याची शेजारीण पार्वतीमावशी एवढी एकच तयार झाली, तीही माझ्यावरच्या मायेनं. "तुझं शिक्शान अडतंय म्हणून येते," ती म्हणाली. "मला काय बी झालेलं न्हाई."

कॉलेजात ती खुर्चीत बसली, दिव्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि तोंड उघडलं. पुरतं उघडलं नाही. डाव्या गालाच्या आत पांढुरका चट्टा होता, मध्ये लाल ठिपके. मी पुस्तकांत चित्रं पुष्कळ पाहिली होती; हे चित्र नव्हतं. मी आमच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी पाहिलं, गालातला कणभर तुकडा काढून तपासणीला पाठवला. अहवाल आला तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. रोग शिरला होता, पण नुकताच. "वेळेत आणलंस तू," त्या म्हणाल्या. "आता शस्त्रक्रिया केली तर बाई बरी होईल."

वेळेत! या एका शब्दासाठी मी नोकरी सोडली होती, पंचविशीनंतर बारावीच्या मुलांच्या बाकावर बसले होते. त्या दिवशी वस्तीकडे जाणाऱ्या जीपमध्ये मी कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला.

पार्वतीमावशी तांदूळ निवडत बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं: छोटी शस्त्रक्रिया आहे, गाल जाणार नाही, जेवता येईल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझ्या आत्याला बी कापलंच हुतं," ती म्हणाली.

"तिचं फार पुढं गेलं होतं, मावशी. तुमचं आत्ताच सापडलंय."

"आमी बघितलंय तिला. आरशात बघायची न्हाई ती. पेज गळायची तिच्या तोंडातून, अन् आमी आलो की पदर घ्यायची." तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "मी भाकरी खाऊन मरीन बाय. मला नको ते."

मी पुष्कळ बोलले. तिच्या मुलाला बोलावलं, तो बिचारा म्हणाला, "मी लय समजावलं, आयकत न्हाई." मॅडमना फोन लावून दिला. मावशीनं फोन कानाला लावला, "व्हय, व्हय" केलं आणि परत दिला. मी कोणत्या तोंडानं तिला अडाणी म्हणू? तिनं जे पाहिलं होतं ते खरं होतं. आत्याचं दुखणं मी जवळून पाहिलं आणि वेळेवर पाहणारी व्हायचं ठरवलं. तेच दुखणं तिनं ओट्यावरून पाहिलं आणि शस्त्राला शिवायचं नाही असं ठरवलं. दोघींचा गुरू एकच होता. त्यानं दोघींना दोन उलटे धडे दिले.

तरी मी जाते. दर रविवारी जाते. हल्ली आग्रह करत नाही, कारण आग्रह केला की ती दार लोटून घेते. कधी वाटतं, लांबच्या कॉलेजात गेले असते तर निदान अनोळखी बायकांची तोंडं पाहिली असती; त्या ऐकत नसत्या तर पुढचा रुग्ण आला असता. इथं पुढचा रुग्ण नाही. इथं एक पार्वतीमावशी आहे, आणि तिच्यापुढं माझी दोन्ही शिक्षणं हात बांधून उभी आहेत.

गेल्या रविवारी मी काही बोलायच्या आत ती उजेडाकडे वळून बसली आणि तिनं आपणहून तोंड उघडलं. "बघ," ती म्हणाली. "बघायलाच येतीस ना?"

मी पाहिलं. चट्ट्याची कड उचलली गेली होती, मध्ये जखम झाली होती. खोटं बोलणं मला जमलं नाही.

"वाढलंय, मावशी."

"ठावं हाय," ती म्हणाली. "जीभ लागती ना तितं."

आणि चहा ठेवायला आत निघून गेली. मी ओट्यावर बसून राहिले. पाण्यापलीकडे तंबूंतली माणसं मोठमोठ्यानं हाका मारत होती, आतून कपबशा वाजत होत्या. ती बाहेर आल्यावर काय बोलायचं याचा मी विचार करत होते. ती कप घेऊन आली, शेजारी बसली, आणि मी तिच्या हातातून माझा कप घेतला.