घड्याळवाल्याला मुलगी कोण देईल?

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. जुनी, चावीची घड्याळं जमवायला लागा, तीही ज्या देशांनी जगाला दार लावून घेतलं होतं त्या देशांची. किस्से आपोआप येतात. आमचा अड्डा नर्मदेकाठच्या आमच्या शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात, सोनी भैयांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, दर रविवारी. सोनी भैया, रेल्वेतून रिटायर झालेले देशकर काका आणि मी. मी नववीत शाळा सोडली, आता मोबाईलच्या दुकानात काम करतो. आईला एकच काळजी, "तुझं हे येड मुलीवाल्यांना कळलं तर लग्न कसं जमेल रे?"

*

काकांचं उत्तर कोरियाचं घड्याळ कुरियरनं आलं. काका ते घ्यायला कुरियरच्या ऑफिसात गेले. काउंटरवाल्यानं खोका हलवून विचारलं, "अंकल, इसमें है क्या?" त्या हलवण्यानं आतलं बंद घड्याळ सुरू झालं, खोका टिकटिक करू लागला. काकांनी खोक्याला कान लावला आणि आनंदानं ओरडले, "चल पड़ी! कोरियावाली चल पड़ी!"

ऑफिस रिकामं! सही घ्यायलाही कोणी उरलं नाही.

*

तेच घड्याळ घेऊन काका ग्वारीघाटावर गेले. नव्या गाडीची पूजा करतात, मग घड्याळाची काहून नाही? पंडितजींनी संकल्पासाठी गोत्र विचारलं.

"मेरा या इसका?"

"इसका. कहाँ की है?"

"उत्तर कोरिया."

पंडितजींनी क्षणभर नर्मदेकडे पाहिलं. "जिसका पता न हो, उसका कश्यप!"

*

अल्बेनियाच्या घड्याळाचं कौतुक काका काकूंना सांगत होते. तिथं त्या काळी कोणाला देशाबाहेर जाता येत नव्हतं, बाहेरचं कोणी आत येत नव्हतं...

काकू पोळी लाटत म्हणाल्या, "कुठं जायचं नाही, कोणी यायचं नाही. मग टाइम पाहून करत काय होते?"



*

काकांचं एक घड्याळ कायमचं गेलं. सोनी भैयांनी त्याचं एक चाक काढून माझ्या घड्याळात बसवलं. "अंगदान हो गया," म्हणाले. तेव्हापासून काका भेटले की माझ्या मनगटाकडे पाहून विचारतात, "बरा आहेस ना, बाळा?"

मी एकदा "हो" म्हणालो. काका म्हणाले, "तुला कोण विचारून राहिलं?"

*

आणि आता हा माझा किस्सा. आई मला मुलगी पाहायला घेऊन गेली. रस्ताभर एकच ताकीद, "घड्याळाचं नावही काढू नको!" मी तसाही बोलत नाही. मान खाली घालून बसलो. मुलीचे बाबा प्रश्न विचारत होते, आई उत्तरं देत होती.

आमच्या अड्ड्यावर एक रीत आहे. कोणाच्या मनगटावर जुनं घड्याळ दिसलं, की विचारायचं नाही. सरळ हात धरायचा, कानाला लावायचा, चाल ऐकायची.

मुलीनं चहाचा कप पुढे केला. मनगटावर चावीचं छोटंसं घड्याळ.

माझा हात कधी गेला, कळलंच नाही. भानावर आलो तेव्हा तिचं मनगट माझ्या कानाशी होतं, कप माझ्या डोक्यावर डुलत होता आणि तिचे बाबा उभे राहिले होते. आईनं डोळे मिटून घेतले.

मी हात सोडला. तोंडातून एवढंच निघालं, "चाल अडखळून राहिली."

मुलीनं कप टेबलावर ठेवला, मनगट स्वतःच्या कानाशी नेलं आणि ऐकलं. मग हात पुन्हा माझ्यापुढे केला.

"बाबा, बसा तुम्ही. नीट ऐकू द्या त्यांना."