जनूभावजींची फुंकणी

दारात कुणी स्कूटर लावली की आमचे जनूभावजी 'या, बसा' म्हणायच्या आधी त्या स्कूटरभोवती एक फेरी मारायचे. "हा ओरखडा कुठं पडला? मांडव्याच्या जेटीवर ना? बसा, चहा होईस्तोवर घालवतो." पाहुणा नको नको म्हणेपर्यंत पडवीत कॉम्प्रेसर टुर्रर्र करायला लागलेला असायचा. चहा पिऊन माणूस बाहेर येतो तर गाडी नव्यासारखी, आणि ह्यांच्याशी ज्या कामाचं बोलायला तो आलेला ते राहूनच गेलेलं. आमच्या ह्यांचे निदान दोन सौदे त्या ओरखड्यांपायी बुडाले असतील.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, जनार्दन. गेल्या वर्षी गेले. उभी हयात मुंबईच्या गोदीत जहाजं रंगवण्यात काढलेली. बायको लवकर गेली, लेक सासरी नांदते आहे, म्हणून निवृत्त झाल्यावर अलिबागजवळ थळला आमच्याकडे राहायला आले. येताना एक वळकटी, एक ट्रंक आणि तो कॉम्प्रेसर घेऊन आले. ट्रंक उघडली तर आत कपडे दोन आणि बाकी सगळी चिमुकली जहाजं. खोलीवर बसून फावल्या वेळात जोडलेली, एअरब्रशने रंगवलेली. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी धातूची नळी, तिच्यावर अंगठ्याएवढी वाटी. वाटीत रंग घालायचा, कॉम्प्रेसरची हवा सोडायची, खटका दाबला की रंग धुक्यासारखा उडतो. गावाने त्या यंत्राचं नाव पहिल्याच दिवशी फुंकणी ठेवलं, आणि मग भावजीही तेच म्हणायला लागले.

पण थळात चिमुकल्या जहाजांचं कौतुक कोण करणार? समोर खऱ्या होड्या उभ्या. लोक यायचे, बघायचे आणि विचारायचे, "हिच्यात मासळी किती मावंल?" भावजींनी जहाजं कपाटात ठेवली आणि फुंकणीला दुसरी कामं शोधायला लागले. एकदा शोधायला लागल्यावर मात्र त्यांना धरबंध राहिला नाही. होड्यांवरची नावं झाली, हेल्मेटं झाली, वाढदिवसाचे केक झाले. नुसत्या हवेने त्यांनी माझ्या शिवणयंत्रातला कचरा काढला आणि भजनी मंडळाच्या पेटीतलं झुरळ काढलं. तुळशीवर कडुलिंबाचं पाणी मारलं. शेजारच्या सुमनची आणि माझी कोंबड्यांवरून कायम जुंपायची, तर आमच्या सगळ्या कोंबड्यांच्या पंखाखाली निळा ठिपका मारून ठेवला. पुढच्या भांडणात सुमनच्या खुराड्यातून दोन निळ्या ठिपक्याच्या निघाल्या आणि माझ्या खुराड्यात तिची एक बिनठिपक्याची. दोघींचीही तोंडं बंद झाली.

काम करताना ते पुटपुटायचे, "पातळ मार, लांबून मार, सुकू दे, मग परत मार." हे त्यांचं सगळ्यालाच लागू होतं. मी ह्यांच्यावर तणतणायला लागले की पडवीतून आवाज यायचा, "वहिनी, एकदम जाड थर देऊ नका, ओघळ येतात." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण ओघळ येतात हे खरं होतं.

एकदा गावातल्या एका नवरदेवाने टक्कल झाकायची गळ घातली. हळदीचे फोटो निघणार होते. भावजींनी इतक्या बेमालूम केसांची सावली मारली की त्याची सख्खी मावशी चकली. पण आमच्याकडची हळद म्हणजे काय साधी असते? बेंजो वाजला, पोरांनी नवरदेवाला खांद्यावर घेतला, घामाच्या धारा लागल्या आणि डोक्यावरचा काळा रंग पिवळ्या तोंडावरून खाली उतरला. फोटोत नवरदेव पट्टेरी वाघ. त्याचा बाप भांडायला आला तेव्हा भावजी शांतपणे म्हणाले, "मी टकलाची ग्यारंटी दिलेली, घामाची न्हाय." नवरी मात्र गुणाची. तिने तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय.

आता आईंबद्दल सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सारा जन्म मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजारात गेलेल्या. धाकटा मुलगा इतक्या वर्षांनी घरी आला म्हणून त्यांना केवढा आनंद झाला होता. पण भावजी सकाळी उठले की पडवीत, जेवले की पडवीत. आई आतल्या खाटेवर. दोघांमध्ये एक भिंत आणि कॉम्प्रेसरचा आवाज. आई मला विचारायच्या, "बाय, जनू आलाय का नुसती मशीन आलीय?" मी काय सांगणार? भावजींना बोलणं जमायचं नाही. आईजवळ बसले की दोन मिनिटांत पंख्याचा रंग कुठे उडालाय ते बघायला लागायचे.

एका साली पावसाळ्याच्या तोंडाला आईंची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी मासळी आणि मीठ दोन्ही तोडलं. झालं, आईंनी ताट बाजूला सारलं. "मासली न्हाय तर ज्येवन कसलं? तुमी खा तुमची दुधी." सकाळी चार घास, रात्री तेही नाही. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. आम्ही रागावलो, विनवण्या केल्या, लेकी येऊन रडून गेल्या. आईंचं एकच, न्हाय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि या वयात तिथून परत येतील असं मी सांगत नाही. मी मोरीत जाऊन रडले. बाई तोंडाची तिखट होती, पण माझी होती.

दुसऱ्या दिवशी भावजी माझ्या स्वयंपाकघरात आले. "वहिनी, मोदकाची उकड काढता का? बिनमिठाची." खाण्याच्या रंगाची फुंकणी त्यांची वेगळी होती, केकसाठी आणलेली, तिला मला हात लावू देत नसत. उकडीत दुधीची भाजी भरली, वर फुंकणी चालवली आणि ताटात एक पापलेट आलं. रुपेरी पोट, पाठीवर करडी झाक, कडेला शेपटी. खरीच मासळी वाटून मी स्वतः हात मागे घेतला. भावजींनी ताट आईंपुढे ठेवलं आणि निकाल ऐकायला खाटेशी बसले.

आईंनी ते उचललं, उलटंपालटं केलं, मानेजवळ पाहिलं. "शिलं हाय."

भावजींचं तोंड उतरलं. "शिलं कसं? कल्ला बघ, लालभडक मारलाय... म्हंजे, हाय."

"मेल्या, लाल काय बघतोस? पापलेटला हितं दाबायचं. पांढरं पानी आलं तर ताजं, लाल आलं तर टाकून द्यायचं. मुंबईला जाऊन कोल्याचा पोर कामातून ग्येला." आणि ते शिळं पापलेट कसं शिळं आहे ते सांगता सांगता आईंनी अर्धं खाल्लं. मी दाराआड उभी राहून तोंडात पदर कोंबला.

मग ते रोजचंच झालं. भावजींनी लाल काढला आणि कल्ल्याखाली चमचाभर नारळाचं दूध भरलं. आईंनी दाबलं, पांढरं आलं. वास घेतला. "दर्याचा वास न्हाय. बर्फातलं हाय." पुढल्या दिवशी डोळा खोल गेलेला होता. त्याच्या पुढल्या दिवशी शेपटी वाळलेली. एकदा काहीच सापडेना, तर म्हणाल्या, "होड्या वर ओढलेल्या, मासेमारी बंद, मंग ताजं पापलेट आनलंस कुठनं? मला फसवतोस?" भावजी चिडून पडवीत जायचे आणि दुपारभर रंग घोटत बसायचे. गोदीत एवढी जहाजं रंगवली, पण त्यांना कुणी असं रडकुंडीला आणलं नव्हतं. मला म्हणायचे, "वहिनी, हिच्याकडून एकदा तरी ताजं म्हणवून घेतो. न्हाय तर फुंकणी दर्यात टाकतो." इकडे आईंचं ताट मात्र रोज साफ होत होतं. डॉक्टरांनी विचारलं काय देता, तर मी पापलेट म्हणाले. मग त्यांना सगळं समजावून सांगावं लागलं.

श्रावणाच्या आधी वादळ झालं आणि विजेचे खांब आडवे झाले. कॉम्प्रेसर मुका. भावजी सकाळपासून मांजरीसारखे घरभर फिरत होते. मी म्हटलं, साध्या ब्रशने रंगवा की. "साध्या ब्रशने? आणि तिनं बघितलं तर?" शेवटी दुपारी उकडीचा गोळा परातीत घेऊन ते आतल्या खोलीत गेले, कारण उजेड तेवढा आईंच्या खिडकीशीच होता. खाटेशी मांडी घालून बसले आणि हाताने पापलेट थापायला लागले. आई वरून सांगत होत्या, शेपटी जरा लांब कर, पोट भर, तुझा बाप असंच पापलेट आनायचा. मग बाप कसा होता ते निघालं. मग भावजींची बायको निघाली, जिच्याबद्दल भावजींनी आमच्याकडे कधी चकार शब्द काढला नव्हता. भावजी बोलत होते. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी आणि पंख्याकडे एकदाही लक्ष नाही. मी उकडायला पापलेट घ्यायला गेले, ते उचललं आणि त्यांना बोलू देत पटकन परत आले.

वाफवलेलं पापलेट ताटात ठेवलं तेव्हा ते नुसतं पांढरं होतं. ना रुपेरी, ना करडं, ना डोळा. जरा वाकडंच. "आये, आज रंग न्हाय," भावजी खाली बघत म्हणाले. उठायला लागले, तर आईंनी त्यांचं मनगट धरलं.

एका हाताने त्यांनी ते पांढरं पापलेट दाबलं. हुंगलं. फिरवून पाहिलं.

"आज ताजं हाय," आई म्हणाल्या.

भावजी लहान पोरासारखे रडले. आई त्यांचं मनगट न सोडता दुसऱ्या हाताने जेवत राहिल्या.

दोन दिवसांनी वीज आली. सकाळी मी पडवी झाडायला गेले तर पडवी रिकामी. भावजींनी कॉम्प्रेसर उचलून आईंच्या खाटेशी नेऊन ठेवला होता आणि तिथेच बसून उकडीवर फुंकणी मारत होते. आई कान दाबून शिव्या देत होत्या. दुपारी ताटात जे पापलेट आलं तसं मी खऱ्या बाजारातही कधी पाहिलं नाही. आईंनी ते दाबलं, हुंगलं, भावजींकडे पाहिलं. "शिलं हाय," म्हणाल्या आणि ताट पुढे ओढलं.